एकशे बत्तीस

पाकीट शहाद्याहून एसटीने आलं,
कंडक्टरच्या पेटीखाली दबून जरा वाकलेलं.
आत जाड कागदाचं कार्ड, त्यावर पाच गोल,
टाचेतून घेतलेलं रक्त, वाळून विटकरी.
बाळ मालचे. नाव अजून ठेवलेलं नाही. वय आठ दिवस.
शेऱ्याच्या चौकटीत कुणा नर्सने
बिचकत, बारीक अक्षरात लिहिलेलं:
आई म्हणते, लंगोटाला गुळाचा वास येतो.

माझे वडील जळगावच्या बाजार समितीत मापाडी.
पहिल्या पोत्याला एक म्हणत नसत, लाभ म्हणत,
मग दोन, मग तीन.
मी ह्या यंत्रावर लागले तेव्हा त्यांनी विचारलं,
वजनच करतेस ना? काटा कुठला?
म्हटलं, काटा नाही, दादा.
थेंब सुईच्या टोकावरून उडवायचा, वीज देऊन.
पुढे पोकळी, हवासुद्धा उपसून काढलेली.
तिथे चार दांड्या, मधून हेलकावत जायचं,
नेमक्या वजनाचा असेल तोच पार होतो,
बाकीचे दांड्यांवर आपटतात.
ते बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले, म्हणजे तूट फार.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस,
आत एकवीसच्या वर गेलं की यंत्र रुसतं.
पंपाची घरघर आता मला ऐकू येत नाही,
थांबली तरच येते.
गोलातून तीन मिलिमीटरची टिकली पाडली,
मिथेनॉलमध्ये भिजवली, अर्धा तास.
एवढ्याशा टिकलीत
आठ दिवसांच्या माणसाने प्यायलेलं सगळं दूध.

एकशे बत्तीसवर रेघ उभी राहिली
आणि पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली.
दुसरी टिकली पाडली. तीच रेघ.
तरीही यंत्राला वजन कळतं, चेहरा कळत नाही.
ल्युसिन एकशे बत्तीस, त्याचा भाऊ आयसोल्युसिन एकशे बत्तीस,
आणि एक तिसरा, निरोगी अंगात जवळजवळ नसणारा,
तोही तेवढाच, तराजूत डोकं खाली घालून बसलेला.
तिघांना वेगळं करायला लांबची नळी लावली.
चाळीस मिनिटं.

त्या चाळीस मिनिटांत मी फोन केला.
नर्सने आईच्याच हातात दिला.
रंजना मालचे, प्रकाशाच्या अलीकडे गुऱ्हाळावर कामाला,
सातव्या महिन्यापर्यंत कढईपाशी.
वासाचं तिने चार जणांना सांगितलं होतं.
सासू म्हणाली, तूच गूळ खातेस.
एका डॉक्टराने पावडर बदलायला सांगितली,
पावडर तिने कधी लावलीच नव्हती.
"पाक कव्हय उतारना ते माले नाकवरथीन समजस, ताई.
हाऊ तोच वास शे."
मी म्हटलं, हो.
एवढंच म्हटलं, आणि पडद्याकडे पाहिलं.

तिसरा सुटा झाला एकोणिसाव्या मिनिटाला.

डॉक्टर फालकांनी दुसऱ्या फोनवरून सांगितलं,
आधी अंगावरचं बंद, मग गाडी, मग मुंबई.
ते तिला सांगायचं माझ्याकडे आलं.
पलीकडे पाळण्याची कडी करकरत होती.
"मंग मन्हा दूधनं काय करू?"

रिपोर्टात वासाला रकाना नाही.
खाली लिहिलं, आईचं निरीक्षण यंत्राशी जुळतं.
खोडलं.
यंत्राचं निरीक्षण आईशी जुळतं.
साहेबांनी ते वाक्यच काढलं, बाकी सही केली.

आता साडेसहा. गाडी धुळ्याच्या पुढे गेली असेल.
नव्या ताटलीत शहाण्णव खळगे,
शहाण्णव टाचा, कुणाच्याही शेऱ्यात काही नाही.
कार्ड उचलून एकदा नाकाशी धरते.
नुसता कागद.
पहिल्या खळग्यात टिकली टाकताना
तोंडातून आपोआप निघतं: लाभ.
इंगळे मान वर करतो, काय म्हणालात?
दोन, म्हणते मी.